सहा दिवस कुलूप असलेलं चर्च गावाच्या कामी कसं लावायचं

विदर्भातल्या खेड्यातलं चर्च म्हणजे बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस घरांची मंडळी, टिनाचं किंवा कवेलूचं छप्पर, अंगणात हापशी नाहीतर बोअर, चार सतरंज्या आणि सणाच्या जेवणासाठी वर्गणीतून घेतलेले गंज, म्हणजे मोठी पातेली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तालुक्याला राहतात, तीन-चार गावं सांभाळतात. रविवारी दोन-अडीच तास दार उघडतं, मग पुढच्या रविवारपर्यंत कुलूप.

अशा मंडळीपुढे गावासाठी काही करायचा विषय निघाला की म्हाताऱ्या माणसांना जुनं मिशन आठवतं. कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना, वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, उमरीचा मिशन दवाखाना, बोर्डिंगच्या शाळा. मग एवढा पैसा आणायचा कुठून यावर तासभर बोलणं होतं आणि शेवटी नाताळला पन्नास ब्लँकेटं वाटायचं ठरतं. ब्लँकेटाला माझा विरोध नाही. पण खेड्यात खरी टंचाई आहे ती बरोबर दिवशी बरोबर कागद घेऊन तहसीलला सोबत येणाऱ्या माणसाची, संध्याकाळी अभ्यासाला बसायला जागेची आणि फवारणीच्या दिवसांत शुद्धीवर राहून चार गोष्टी सांगणाऱ्याची. यासाठी पैसा फार लागत नाही. रिकामी इमारत, ठरलेली वेळ आणि लिहिता-वाचता येणारी चार माणसं लागतात, आणि हे तिन्ही बहुतेक मंडळ्यांकडे आहे. पुढे जे लिहिलंय ते अशा लहान मंडळीसाठी, काम ज्या क्रमाने करावं त्या क्रमाने.

आधी वही

पहिला महिना काही वाटू नका आणि काही जाहीर करू नका. मंडळीतली दोन माणसं निवडा, त्यातली एक बाई असू द्या, आणि त्यांच्या हाती दोनशे पानी वही द्या. त्यांनी आशाताई, अंगणवाडीताई, मुख्याध्यापक, पोलीस पाटील, रोजगार सेवक, रेशन दुकानदार आणि कृषी केंद्रवाला या सगळ्यांना भेटायचं. मग गावाच्या कडेला जायचं: पारधी बेडा असेल, तांडा असेल, यवतमाळकडे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, असेल. गावाच्या मध्यभागी बसून गावाची गरज लिहिली की कडेची घरं हमखास सुटतात.

‘तुमाले काय पायजे?’ असं विचारू नका. समोरच्याला वाटतं हे काहीतरी वाटायला आले आहेत, आणि तो तुम्ही द्याल तेच मागतो. त्याऐवजी विचारा: मागच्या साली कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त ओढाताण झाली, आणि तेव्हा कोणाकडे गेलात? दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात खरी माहिती आहे. उत्तर कधी सावकार निघतं, कधी कृषी केंद्राची उधारी, कधी भगत, कधी कोणीच नाही.

वहीत माणसांऐवजी महिन्यांची पानं करा. दोन-तीन आठवड्यांत ती साधारण अशी भरतात. जून: बियाण्याची उधारी, पोरांच्या वह्या, उत्पन्नाचा दाखला. (आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे दाखल्यांना दोन आठवडे जास्तीचे मिळतात, ते वाया घालवू नका.) ऑगस्ट-सप्टेंबर: फवारणी, साप, ताप. ऑक्टोबर: सोयाबीन निघालं पण भाव नाही. दिवाळीनंतर बाया कापूस वेचायला गेल्या की लहान पोरं घरी एकटी. फेब्रुवारी: बारावी, मागोमाग दहावी. एप्रिल-मे: पाणी, ऊन, लग्नाचं कर्ज. सेवेचं वेळापत्रक या वहीतून निघालं पाहिजे. चर्चच्या कॅलेंडरमध्ये नाताळ आणि ईस्टर आहेत, गावाची अडचण बहुतेक पोळ्याच्या आसपास असते.

आपल्याकडे काय आहे ते मोजा

याला एक रविवार पुरे. उपासनेनंतर अर्धा तास थांबा आणि फळ्यावर लिहा. जागा किती, दिवे किती, संडास आहे का, पाणी कुठलं. मग माणसं. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निवृत्त नर्स आणि मास्तर-मास्तरणी निघतातच, मिशनच्या दवाखान्यांची आणि शाळांची ती मागे राहिलेली कमाई आहे. कोणी बँकेत शिपाई असेल, कोणी एसटीत, एखादी मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत असेल. प्रत्येकाला एकच विचारा: आठवड्यातले दोन तास, वर्षभर, देता येतील का? जोरात हात वर करणाऱ्यापेक्षा विचार करून ‘महिन्यातून दोनदा जमेल’ म्हणणारा माणूस कामाचा असतो.

ठराव, पावतीबुक, पत्र

कंटाळवाणं आहे, पण हे आधी. पंच कमिटीच्या सभेत लेखी ठराव करा: काम कोणतं, जबाबदार कोण, खर्चाची मर्यादा किती. चर्च ज्या संस्थेखाली आहे ती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशोब, ऑडिट आणि विश्वस्त बदलले तर बदल अर्ज, हे सगळं वेळेत लागतं. सेवेच्या पैशाचा वेगळा हिशोब ठेवा, दोन सह्यांशिवाय रुपया काढू नका, दहा रुपयांचीही पावती फाडा. एखादा पाहुणा किंवा परदेशी गेलेला नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. परदेशी निधीला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. गावच्या मंडळीने या वाटेला न गेलेलं बरं. कापणीच्या सणाला जे धान्य, भाजी, कोंबडी वेदीपुढे येते आणि नंतर लिलाव होतो, त्यातला ठराविक हिस्सा सेवेला लावा. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

मग ग्रामपंचायतीला साध्या कागदावर पत्र: अमुक वारी, अमुक वेळेत, चर्चच्या आवारात अमुक काम सुरू करतोय, सर्वांसाठी आहे, मोफत आहे. एक प्रत पोलीस पाटलाला. पोच घ्या आणि फाइलला लावा. या पोचेचं महत्त्व पुढे कळेल.

पहिलं काम: कागदाचं टेबल

कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर बाकडं, आठवड्यातून एक संध्याकाळ. दिवस निवडताना तालुक्याचा बाजार कधी ते पहा आणि बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बसा. दुसऱ्या दिवशी माणूस तसाही तालुक्याला जाणार असतो, त्याच्या पिशवीत तयार कागद असेल तर फेरा आणि मजुरी दोन्ही वाचतात.

टेबलावर ठेवायचं ते एवढंच: कोरे कागद, पेन, स्टेपलर, अंगठ्याचं पॅड, इंटरनेट चालणारा एक फोन आणि रजिस्टर. रजिस्टरमध्ये पाच रकाने: नाव, काम, कोणता कागद कमी, कुठे पाठवलं, परत कधी यायचं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. मदत अर्ज भरण्यापाशी संपत नसते, पोचपावतीचा नंबर घेऊन पुन्हा विचारण्यात खरं काम होतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे दाखल्यांना मुदत ठरलेली आहे आणि मुदत टळली तर अपील करता येतं. हे वाक्य टेबलावरच्या माणसाला पाठ असलं की सेतू केंद्रातही आवाज वेगळा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावात. समजा एक म्हातारी येते. आधारवर पार्बताबाई, पासबुकात पार्वती, रेशनकार्डावर पारू, आणि नवऱ्याचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. तिचे निराधारचे पैसे थांबले आहेत आणि तिला वाटतंय सरकारने बंद केले. आधी आधार दुरुस्त होतं का पहा, मग बँकेत त्याप्रमाणे नाव, मग आधार खात्याला जोडणं, मग तहसीलला अर्ज. क्रम चुकला की प्रत्येक टेबलावरून ती परत येते. हे तिला नुसतं सांगून भागत नाही. कागदाच्या कपट्यावर १, २, ३ लिहून द्या. तिला वाचता येत नसेल तरी समोरच्या बाबूला येतं.

निराधार योजनांची माहिती टेबलावरच्या प्रत्येकाला असावी. संजय गांधी निराधार अनुदान योजना: विधवा, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा ६५ वर्षांच्या आतल्या लोकांसाठी, महिना १,५०० रुपये, अपंगांना २०२५ पासून २,५००. पासष्टीनंतर श्रावणबाळ. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे, दोन्हींत वेळोवेळी हयातीचा आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि पुष्कळांचे पैसे नेमके तिथेच अडतात. राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर एकरकमी २० हजार मिळतात. गोपीनाथ मुंडे योजनेत शेतकरी अपघाती गेला तर २ लाख. साप, वीज, विजेचा धक्का, फवारताना झालेली विषबाधा हे त्यात बसतं.

इथे एक खाच आहे. मुंडे योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजुराला ती नाही, आणि दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेणारा बहुतेक तोच असतो. त्याच्यासाठी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात २० रुपयेही नसले तर विमा बंद पडतो. मे महिन्यात मंडळीतल्या पोरांनी मजुरांची यादी करावी, कोणाच्या खात्यात पैसे आहेत ते ज्याचं त्याला पाहायला लावावं, ज्यांचा फॉर्म भरलेला नाही त्यांना बँकेत न्यावं. वर्षभरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मी तरी मानतो.

टेबलाचे नियम कडक ठेवा. मूळ कागद कधीच ठेवून घ्यायचे नाहीत. ओटीपी, पिन, एटीएम कार्ड यांना हात नाही. चहाचेही पैसे घ्यायचे नाहीत. आणि मंडळीतलं माणूस म्हणून रांगेत पुढे, हे तर अजिबात नाही.

फवारणीचा हंगाम

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्या साली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) डोक्याच्या वर वाढली होती, बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती आणि बारीक तुषार काढणारे पंप आले होते. औषध खालून वर, तोंडावर पडत होतं. तेव्हापासून कृषी विभाग दर हंगामात पोस्टर लावतो. पोस्टर वाचून कोणी तोंडातला खर्रा (तंबाखू-सुपारी) थुंकून टाकत नाही. ओळखीच्या माणसाने सांगितलं तर विचार करतो.

जुलैच्या शेवटी, पहिल्या फवारणीच्या आधी, चर्चच्या अंगणात संध्याकाळी तासभराची बैठक घ्या. तालुका कृषी कार्यालयातून कृषी सहायकाला बोलवा, सोबत आपली निवृत्त नर्स. भाषण नको. पंप, बकेट, डबा, हातमोजे समोर ठेवून दाखवा. डब्यावरचा त्रिकोण: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. उपाशीपोटी फवारायला जायचं नाही. वारा पाठीकडून असावा. दुपारच्या उन्हात नाही. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही, तारेनं किंवा जुन्या ब्रशनं काढायचं. फवारताना खर्रा, बिडी, पाणी काहीच नाही; हाताला लागलेलं औषध खर्ऱ्यासोबत सरळ पोटात जातं. घरी आल्यावर आधी अंघोळ, मगच पोरांना जवळ घ्यायचं, आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. ही शेवटची गोष्ट बायांना सांगा. पुरुष मान हलवतात, अमलात बाया आणतात.

चर्चने संच ठेवावेत: रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, टोपी, लांब बाह्यांचा जुना सदरा. पाच-सहा संच पुरतात. मजूर सकाळी सही करून नेतो, संध्याकाळी साबणाने धुऊन परत आणतो. धुवायची जागा हापशीपासून लांब ठेवा. मालकाने संच द्यायला पाहिजे हे खरं आहे, आणि ते मालकाला सांगायलाही पाहिजे. पण मालक देईल तोवर मजुराने उघड्या तोंडाने फवारावं, हे काही बरोबर नाही.

विषबाधेची चिन्हं चर्चच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा: डोकं गरगरणं, अंधुक दिसणं, बाहुल्या बारीक होणं, तोंडाला लाळ, खूप घाम, ओकारी, अंग थरथरणं. असं दिसलं की काम थांबवून माणसाला वावराबाहेर काढा, कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत द्या. डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरचा उपचार लवकर सुरू होतो. दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका, ओकारी करवू नका.

सापाचंही याच बैठकीत सांगून टाका. दोर आवळू नका, कापू नका, चोखू नका, भगताकडे नेऊ नका. अंग हलवू न देता सरकारी दवाखान्यात, जिथे सर्पदंशाची लस आहे तिथे न्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि खूण जेमतेम दिसते. पहाटे कोणाचं पोट दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात असं झालं तर थांबू नका. बाजेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं, एवढ्याने बराच धोका टळतो. तालुक्याच्या कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो आणि लस असते, ते हंगामाआधी स्वतः जाऊन विचारून या आणि दारावर लिहून ठेवा. पुढचे मोठे दवाखाने (सेवाग्रामचं कस्तुरबा, यवतमाळ, अकोला, नागपूरची मेडिकल कॉलेजं) कुठून किती तासांवर आहेत, तेही.

अभ्यासिका

दोन ट्यूबलाइट, सतरंज्या, पिण्याचं पाणी, भिंतीवर घड्याळ. संध्याकाळी सहा ते नऊ, दहावी-बारावीची आणि भरतीची तयारी करणारी पोरं. शिकवायला कोणी नसलं तरी चालतं. एका खोलीत सहा माणसं, गुरं आणि टीव्ही असलेल्या घरातल्या पोराला शांत कोपरा ही शिकवणीइतकीच गरज आहे. जुनी पुस्तकं शहरातल्या नातेवाइकांकडून मार्चनंतर गोळा करा. फाटकी घेऊ नका, चर्च म्हणजे रद्दीचं दुकान होतं.

मुलींसाठी वेळ आणि परतीची सोय आधी ठरवा, नाहीतर आठवड्यात त्या बंद होतात. दोन प्रौढ, त्यातली एक बाई, कायम हजर पाहिजेत. एकटा माणूस आणि मुलं बंद दाराआड, असा प्रसंगच येऊ द्यायचा नाही, तो माणूस पाळक असला तरी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या पोक्सो कायदा, २०१२ मध्ये प्रकार झाकून ठेवणंही गुन्हा आहे, हे कमिटीला वाचून दाखवा. चाइल्डलाइनचा १०९८ भिंतीवर असू द्या. अभ्यासिकेत प्रार्थना, गाणी, संडे स्कूल काही नाही. ते रविवारी.

पाणी आणि ऊन

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, असाल तर तुमचं टिनाचं छप्पर फुकट पडलंय. १०० चौरस मीटर टिनावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. हंगामाचा ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६ हजार लिटर. पन्हाळ, पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडायला एक तोटी, जाळी आणि झाकणाची टाकी. सगळं साठवता येणार नाही. पाच हजारांची टाकी भरत-रिकामी होत राहिली तरी पावसाळाभर गोडं पाणी मिळतं, उरलेलं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. प्यायच्या आधी उकळायचं, हे टाकीवर लिहा.

उन्हाळ्यात पाणपोई सगळेच लावतात. तुम्ही बस थांब्याजवळ लावा आणि रांजण रोज घासा. सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवा: एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही.

घरात मरण आलं तर

शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्या घरी पुढारी येतात, पत्रकार येतात, फोटो निघतात. चर्चने त्या गर्दीत जाऊ नये. पहिल्या दिवशी गंज घेऊन जा, स्वयंपाक करा, भांडी घासा, गुरांना पाणी दाखवा, परत या. महिला मंडळातली एक बाई रोज जाऊन बसेल असं ठरवा, जास्त बोलणारी नको. आत्महत्या पाप आहे की नाही हा वाद त्या ओट्यावर कोणी काढला तर त्याला घरी पाठवा. मयत ख्रिस्ती असेल तर दफनविधी इतरांसारखाच झाला पाहिजे, हे पाळकांशी आधीच बोलून ठेवा.

अडचण अशी की दुःखाला वेळ लागतो आणि कागदांना मुदत असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. अपघात असेल तर मुंडे योजनेचा अर्ज ३० दिवसांत. म्हणून विधवेला त्रास न देता तिच्या भावाला किंवा दिराला हाताशी धरा आणि तेरवीच्या आत एवढं करून घ्या: पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल कधी मिळेल त्याची तारीख, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद, सातबारा, कर्जाचे कागद. तेरवीनंतर तलाठ्याकडे वारस नोंद. तिथे विधवेचं आणि मुलींचं नाव लागलंय की नाही ते फेरफार हातात घेऊन वाचा, दिराच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

आत्महत्येला मुंडे योजना लागू नाही. तिला वेगळी १ लाखाची सरकारी मदत आहे: ३० हजार हातात, ७० हजार मुदत ठेवीत. जमीन कुटुंबाच्या नावावर आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो. हातउसने आणि कृषी केंद्राची उधारी तिथे धरत नाहीत. म्हणून घरच्यांना खोटी आशा दाखवू नका. प्रकरण अपात्र ठरलं तर निराधारचा अर्ज लगेच, त्याच आठवड्यात.

पुष्कळ घरं यातून वाचू शकतात, जर कोणी आधी विचारलं तर. माणूस बोलेनासा झाला, बैल विकून टाकले, उधारी मागायला आलेल्यांना तोंड देईनासा झाला, तर त्याच्यासोबत वावरात जाऊन बसा आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवायला लावा. कोणी विष घेतलं तर पोलिसांच्या भीतीने घरी दडवू नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे अशा माणसाला आरोपी न मानता, तो मोठ्या तणावात होता असं धरलं जातं.

लोक संशय घेतील

घेतीलच. चर्च काही फुकट देतंय म्हटलं की ‘धर्म बदलवायले लागले का?’ हा प्रश्न चावडीवर येणार. त्यावर चिडू नका आणि लपवालपवीही करू नका. सेवेच्या वेळेत पत्रक, पुस्तक, प्रार्थना काही नाही, असा नियम करून तो फळ्यावर लावा. कोणी स्वतःहून प्रार्थना करा म्हणालं तर रविवारी या म्हणा. मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. ज्याला देणगीदारासाठी फोटो लागतो, त्याची देणगी दुसरीकडे जाऊ द्या. टेबलावर किंवा अभ्यासिकेच्या देखरेखीला मंडळीबाहेरचं एक माणूस घ्या, विहारातल्या अभ्यासवर्गाचा एखादा पोरगा किंवा गुरुदेव सेवा मंडळातले एखादे काका. तुकडोजी महाराजांच्या मुलखात गावसेवा कोणाला नवीन नाही, आणि ज्यांना ती सवय आहे त्यांच्याकडून शिकायलाही मिळतं. कोणी तक्रार केलीच तर ग्रामपंचायतीची पोच, हजेरीचं रजिस्टर आणि हिशोब घेऊन पोलीस पाटलाकडे शांतपणे जा.

जे मी टाळेन

शिलाई मशीनचे वर्ग: मशीन वाटल्याचा फोटो छान येतो, मग गावात शिवून घ्यायला गिऱ्हाईक नसतं आणि मशीनवर कपडे वाळत घातलेले दिसतात. तालुक्यात ऑर्डर मिळत असेल तरच. फिरती आरोग्य शिबिरं: चष्म्याचा नंबर काढून चष्माच आला नाही तर नाव तुमचं खराब. मोतीबिंदूच्या शिबिराला हरकत नाही, पण ऑपरेशनची तारीख, जायची-यायची गाडी आणि नंतरची तपासणी लेखी ठरल्यावर. कर्ज वाटणं तर मुळीच नको. रकमेवर मंडळी फुटते. बचत गट आहेत, ते पाहणाऱ्या सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या ताईंकडे पाठवा.

हिशोब

तीन महिन्यांनी चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, आत नाही, एक कागद चिकटवा: किती जमा, किती खर्च, कशावर, किती शिल्लक. टेबलावर किती लोक आले आणि किती जणांचं काम झालं नाही, हेही. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र लिहू नका. वर्ष झालं की वहीतली दोन माणसं पुन्हा त्याच घरी जातील आणि तोच प्रश्न विचारतील. ज्या कामाचं नाव उत्तरात येत नाही ते बंद करा. जे ग्रामपंचायत किंवा शाळा उचलायला तयार आहे ते, रजिस्टर आणि किल्लीसकट, देऊन टाका.